सायकलला गाडीची धडक: पहिल्या तासात तुम्ही काय केलं?

मागच्या महिन्यात आमच्या फाट्यावर एका काकांच्या सायकलला पिकअपनं मागून ठोकलं. काका दुधाच्या कॅन घेऊन डेअरीवर निघालेले. पाच मिनिटांत वीस माणसं जमली आणि विसांच्या विसांचा विषय एकच, गाडीवाल्याकडून किती घ्यायचे. दोन हजारांवर मिटलं. काका उठून बसले, "मले काई नाई झालं" म्हणाले आणि सांडलेल्या दुधाकडे पाहत राहिले. रात्री दोनदा उलटी झाली, बोलणं अडखळायला लागलं. नागपूरला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात पोचेपर्यंत उजाडलं. डोक्यात रक्त साकळलं होतं. काका वाचले, पण पिकअपचा नंबर विसांपैकी एकालाही आठवत नव्हता.

सायकलवाल्यांसाठी लिहिलेले सल्ले मी बरेच वाचलेत. ते सगळे हेल्मेटवर कॅमेरा असलेल्या माणसासाठी लिहिल्यासारखे वाटतात. आमच्याकडची सायकल म्हणजे कॅरिअरला डबा आणि विळा बांधलेली, मडगार्ड खडखडणारी. ठाणं अठरा किलोमीटरवर, आणि मोबाइलला रेंज शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) चढलं तर. म्हणून हा धागा. ज्यांना धडक बसली, ज्यांनी दिली, ज्यांनी उचलून नेलं, सगळ्यांनी लिहा. दवाखान्याचं, ठाण्याचं, माणसाचं नाव नको, तालुका चालेल.

माझं आधी सांगतो. २०१७, आर्वी-पुलगाव रस्ता. काळीपिवळीचा आरसा खांद्याला लागला आणि मी कपाशीत. लगेच उभा राहिलो, कपडे झटकले, ड्रायव्हरलाच "जा भाऊ" म्हणालो. अंगात नुसती धडधड होती, दुखणं नव्हतंच. दुसऱ्या दिवशी हात वर जाईना, हासळीचं हाड मोडलेलं निघालं. डॉक्टरांनी विचारलं कशानं लागलं, तर मी म्हणालो, घसरून पडलो. पोलिसांची भानगड नको म्हणून. त्या एका वाक्याची किंमत पुढे कळली, पण ते नंतर सांगतो.

वेचणी_यवतमाळ

माह्या बापाचं सांगतो. २०२३, दिवाळी होऊन गेली होती, कापसाची वेचणी जोरात. सांजच्याले बाबा वावरातून सायकलनं येऊन राह्यले होते, मागून कापसाची ट्रॉली आली. कापूस दोन्ही बाजूनं एवढा बाहेर आलेला का रस्ताच उरला नाई. त्या कापसानंच ढकललं अन् चाक पायावरून गेलं. ट्रॅक्टर गावातलाच, मालक आमच्या नात्यातला.

गावात बैठक झाली. "घरचाच माणूस हाय, केस कायले करता?" शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं का पंधरा हजार भेटले, पुढे काई मागणार नाई. बाबानं अंगठा देल्ला. आता पायात रॉड टाकाचा खर्च पंधरा हजारात होते काय? तिसऱ्या महिन्यात मालकानं फोन उचलणं बंद केलं.

मंग वकील गाठला. त्यानं पह्यले विचारलं, किती दिवस झाले? कारण मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा टाकाले कायद्यात सहा महिने देल्ले हायेत, १ एप्रिल २०२२ पासून. आम्ही पाचव्या महिन्यात होतो. जास्तीचं म्हणजे ट्रॅक्टरचा विमाच संपलेला. विमा नसला तर भरपाई मालकाच्या खिशातून, अन् मालकाचा खिसा म्हणजे आमच्याच गावातलं वावर. त्याच्या घरची बाई माह्या मायशी अजून बोलत नाई. मी कोणाले केस करा म्हणत नाई, नका करू बी म्हणत नाई. पण स्टॅम्पवर अंगठा देण्याआधी एक महिना तरी थांबा. हाड किती दिवसात जुळते ते बैठकीतल्या कोणालेच माहीत नसते.

ड्युटी_संपली

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात अकरा वर्षं सिस्टर होते, म्हणून मला या धाग्यावर राहवत नाही.

धागाकर्त्यांनी "घसरून पडलो" सांगितलं ना, तसं दहातले निम्मे सांगतात. निम्म्यांपैकी बरेचसे का सांगतात माहिती आहे? ज्यानं धडक दिली तोच माणूस त्यांना उचलून आणतो आणि केसपेपर काढताना बाजूला उभा असतो. कधी तोच सांगतो, "सायकलवरून पडले बाबा." पेशंट गप्प. ते वाक्य केसपेपरच्या पहिल्या ओळीत उतरतं आणि मग पोलिसांकडे, विमा कंपनीकडे, कोर्टात तीच ओळ फिरते. म्हणून पेशंट बोलण्यासारखा नसेल तर सोबतच्यानं बोलावं. कोणत्या गाडीनं, कुठे, किती वाजता, मागून की समोरून. नंबर माहीत असेल तर तोही लिहायला सांगा. वाहनाची धडक म्हटली की डॉक्टर एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केसची नोंद, करतात आणि पोलिसांना कळवतात. ती करायची की नाही हे पेशंटच्या मर्जीवर नसतं, त्यामुळे "एमएलसी नको हो सिस्टर" म्हणून माझे पाय धरण्यात अर्थ नव्हता.

दुसरं, पाणी. रस्त्यावर पडलेल्या माणसाला पाणी पाजल्याशिवाय आपल्या लोकांना चैन पडत नाही. शुद्ध हरपत असेल तर ते पाणी श्वासनळीत जातं, आणि ऑपरेशन करायची वेळ आली तर पोट रिकामं हवं असतं. जखमेत हळद, टूथपेस्ट, काडेपेटीचा गुल, सगळं धुऊन काढलंय मी. स्वच्छ दुपट्टा घट्ट दाबून धरा, बस्स. मान दुखते म्हणत असेल तर दोन हात दोन पाय धरून गाडीत टाकू नका. १०८ लावा, फळी असलेली गाडी येऊ द्या.

आणि लेकरं. सायकलवरून पडताना हँडलचं टोक पोटात घुसतं. वरून फक्त एक गोल वळ दिसतो, आत प्लीहा किंवा यकृत फाटलेलं असू शकतं. एक पोरगा चालत आला होता, कुरकुरे खात. दोन तासांनी पांढराफटक पडला. पोटात हँडल लागलं असेल तर सोनोग्राफी होईपर्यंत घरी नेऊ नका. डोक्याला मार असेल तर रात्रभर जागं ठेवायची गरज नाही, पण उठवून उठवून नाव विचारत राहा. उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसणं, यातलं काहीही दिसलं की सकाळची वाट पाहायची नाही.

कोळसा_रोड

वणी तालुका. भाऊ रात्री सायकलनं परतत होता, ट्रकनं उडवलं, ट्रक निघून गेला. या रस्त्यावर रात्रभर ट्रकच ट्रक, सगळे काळे, सगळ्यांवर ताडपत्री, नंबरप्लेटवर धुळीचा थर. ठाण्यात "अज्ञात वाहन" लिहिलं तेव्हा आम्हाला वाटलं खेळ संपला.

संपला नव्हता. वाहन सापडलं नाही तर सरकारी योजनेतून मदत मिळते: गंभीर जखमीला ५०,००० आणि मृत्यू झाला तर २ लाख. २०२२ च्या एप्रिलपूर्वी हीच रक्कम साडेबारा हजार आणि पंचवीस हजार होती. अर्ज कोर्टात नाही, उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे. एफआयआरची प्रत, दवाखान्याचे कागद, आधार, पासबुक. हे आम्हाला ठाण्यात कोणी सांगितलं नाही, तहसीलसमोरच्या अर्जनवीसानं सांगितलं, तेही चहा पाजल्यावर. बाबूला स्वतःलाच ही योजना नवीन होती. त्यानं आम्हाला तीनदा शेतकरी अपघात योजनेच्या टेबलावर पाठवलं. आठ महिने लागले, पण पैसे खात्यात आले.

ती शेतकरी योजनाही खोटी नाही बरं, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची. पण ती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे, आणि अर्ज कृषी कार्यालयात ३० दिवसांच्या आत.

राइडर_नागपूर

मी लांब पल्ल्याच्या राइड करतो. माझा सल्ला: पुढे-मागे कॅमेरा, दिवसाही मागचा ब्लिंकर चालू, आणि धडकेनंतर फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) तपासल्याशिवाय सायकल चालवू नका, ॲल्युमिनियमची चीर वरून दिसत नाही.

वेचणी_यवतमाळ

भाऊ, आमच्या सायकलीले ब्रेक हायेत हेच लय झालं. पण चिमट्याचं बरोबर बोलले. वाकलेला चिमटा मिस्त्री ठोकून सरळ करून देते अन् महिन्याभरानं तो वेल्डिंगपाशीच तुटते.

आठवीतली_सायकल

मी आता कॉलेजला आहे. आठवीत असताना मानव विकास या सरकारी योजनेतून शाळेत सायकल मिळाली होती. दहावीत एका बाइकवाल्यानं राँग साइडनं येऊन धडक दिली, मनगट मोडलं. बाबांना वाटलं पोरीची शाळा बुडू नये, म्हणून त्यांनी दुसऱ्याच दिवशी सायकल दुरुस्त करून आणली. नवीन रिंग, नवीन हँडल, धुऊन पुसून. जमादार पंचनाम्याला आले तर सायकल चकचकीत. ते म्हणाले, "बाई, याच्यात ठोकर कुठं हाय?" बाबांचा चेहरा मला अजून आठवतो. मोडकी सायकल आहे तशी ठेवा. फोटो तरी काढा, रस्त्यावर पडलेली असतानाच.

संत्रा_गाडी

मी दुसऱ्या बाजूचा आहे. वरूड भागात संत्र्याची गाडी चालवायचो. पहाटे धुक्यात एका सायकलवाल्याला माझ्या गाडीचा धक्का लागला. खोटं कशाला बोलू, पहिला विचार पळण्याचाच आला. लोक मारतात. मोटार वाहन कायद्याचं १३४ कलम सांगतं की ड्रायव्हरनं जखमीला दवाखान्यात न्यायचं आणि २४ तासांत पोलिसांना कळवायचं. जमाव भडकला असेल तर थांबून जखमीला नेण्याबाबत सूट आहे, कळवण्यात नाही. हे मला नंतर समजलं. तेव्हा धुक्यात रस्त्यावर कोणी नव्हतं म्हणून मी थांबू शकलो, असंच म्हणावं लागेल.

त्यांना गाडीत घेतलं. केसपेपरवर खरं सांगितलं. मालकानं फोनवर शिव्या घातल्या, "पडला म्हणून सांगायचं ना बे!" पण गाडीचा विमा चालू होता. भरपाई विमा कंपनीनं दिली, मालकाचा रुपया गेला नाही. ड्रायव्हर लोकांना एवढंच सांगतो की थर्ड पार्टी विमा यासाठीच असतो.

अन् नंबराबद्दल. पूर्ण नंबर कोणाच्या लक्षात राहत नाही. शेवटचे चार आकडे आणि एमएच २७ की २९ की ३२ एवढं धरा, आणि गाडीचा रंग. लगेच मोबाइलमध्ये बोलून ठेवा. पूर्ण नंबर मिळाला तर एमपरिवाहन ॲपवर विमा कधीपर्यंत आहे ते दिसतं.

धागाकर्ता

सिस्टरांचं वाचून माझं राहिलेलं सांगतो. हासळी जुळली नाही, प्लेट टाकावी लागली. त्या काळीपिवळीचा नंबर मला पाठ होता, तीन साक्षीदार होते. पण वकिलांनी केसपेपर पाहिला, "घसरून पडून मार" वाचलं आणि फाइल माझ्याकडे परत सरकवली.

आणखी एक, २०२५ च्या मे महिन्यापासून केंद्राची कॅशलेस योजना आहे. मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमीला अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत उपचार, योजनेत नोंदलेल्या दवाखान्यात. नसलेल्या दवाखान्यात जीव सावरण्यापुरतेच. ११२ वर फोन केला तर जवळचा नोंदलेला दवाखाना विचारता येतो. यातही पोलिसांची खातरजमा लागते, म्हणजे पुन्हा तेच. उचलून नेणाऱ्यानंही घाबरू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं त्याला संरक्षण आहे, नाव सांगायची सक्तीसुद्धा नाही.

नवीन_सभासद

माझ्या सासऱ्यांना अकरा दिवसांपूर्वी टिप्परनं धडक दिली. मांडीचं हाड. टिप्परवाल्यानंच दवाखान्यात नेलं आणि कागदावर "पडून मार" लिहिलंय. आता काही होतं का?

ड्युटी_संपली

जुनी ओळ खोडायला लावू नका, ते आणखी वाईट. आजच ठाण्यात जाऊन सासऱ्यांचं बयाण द्या, त्यांना हलवता येत नसेल तर पोलिसांना दवाखान्यात येऊन घ्यायला सांगा. तो माणूस शेजारी उभा होता हेही बयाणात येऊ द्या. टिप्पर पाहिलेला कोणी आहे का?

नवीन_सभासद

पानठेल्यावाला आहे. पण त्याच्याकडे रोज तेच टिप्परवाले चहा पितात.

धागाकर्ता

आर्वी बाजूचे असाल तर तालुका सांगा. सोमवारी मी तहसीलला आहेच. पानठेल्यावाल्याशी आधी मी बोलून पाहतो.