ईश्वर नाकारूनही त्याची उणीव सोसणारा सिओरान कसा वाचावा?

प्रश्न (पाउलखूण): रुमानियन-फ्रेंच विचारवंत लेखक एमिल सिओरान याची सूत्रवजा टिपणे सध्या वाचतो आहे. जन्म हीच मूळ आपत्ती, आयुष्याला हेतू नाही आणि सांत्वन देणारी प्रत्येक कल्पना ही स्वतःचीच फसवणूक, असा त्याचा सूर आहे. धर्म मी पूर्वीच सोडलेला असल्यामुळे हा नकार मला परका वाटत नाही. पण नकारानंतर तो हाती काहीच ठेवत नाही, याने अस्वस्थ व्हायला होते. त्यातच १९३०च्या दशकात त्याने हिटलरची आणि रुमानियातील 'आयर्न गार्ड' या फॅसिस्ट संघटनेची भलामण केली होती, हे समजले. अशा माणसाच्या जीवनदृष्टीला किती किंमत द्यावी?

प्रतिसाद (रातवा): सिओरान नास्तिक खरा, पण निर्धास्त नास्तिक नव्हे. १९११ साली आजच्या रुमानियातील ट्रान्सिल्व्हानियात एका ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्मगुरूच्या घरी तो जन्मला आणि संतांविषयी, विशेषतः त्यांच्या अश्रूंविषयी, त्याने इतक्या आसक्तीने लिहिले की ते पुस्तक खुद्द आईवडिलांना धक्का देणारे ठरले. त्याच्या विचारांचे मूळ मला तत्त्वज्ञानापेक्षा तरुणपणीच्या निद्रानाशात दिसते. झोप लागत नसल्याने तो रात्रभर तिथल्याच सिबियू शहराच्या रस्त्यांवरून भटकत असे. झोपलेल्या माणसाचा कालचा दिवस कुठेतरी संपतो आणि सकाळी नवा सुरू होतो. जागणाऱ्याला तेवढीही सुटका नसते. अशा वेळी श्रद्धावानाजवळ निदान प्रार्थना असते. याच्याजवळ प्रार्थनेची ओढ होती, पण ती ऐकणारा कोणी आहे यावर विश्वास नव्हता. म्हणूनच जर्मन संगीतकार बाखच्या संगीताविषयी बोलताना तो जवळजवळ भाविक होतो.

प्रतिसाद (तळटीप): राजकारणाचा मुद्दा मात्र बाजूला सारता येणार नाही, कारण तो मूळ प्रश्नाशीच जोडलेला आहे. ईश्वराची जागा रिकामी झाली, तेव्हा या तरुणाने तिथे राष्ट्र बसवले. रुमानियाच्या कायापालटावरचे त्याचे १९३६चे पुस्तक त्याच उन्मादातून आले आहे. १९९०च्या आवृत्तीतून ज्यूविरोधी प्रकरण त्याने स्वतःच वगळले. याला पश्चात्ताप म्हणावे की सारवासारव, हे ज्याने त्याने ठरवावे. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. तरीही १९४९चे त्याचे पहिले फ्रेंच पुस्तक धर्मांधतेच्या चिकित्सेनेच सुरू होते, हा योगायोग नसावा. कल्पना स्वतः निरुपद्रवी असते, माणूस तिच्यात आपली आग ओततो आणि मग रक्त सांडते, हा तिथला विचार पोळलेल्या माणसाचा आहे. त्याने आपला अपराध झाकला असेल, पण त्या अपराधाची यंत्रणा अचूक ओळखली.

प्रतिसाद (आडवाट): 'हाती काहीच ठेवत नाही' हे मला पटत नाही. आयुष्यातून बाहेर पडण्याचे दार उघडे आहे, या जाणिवेमुळेच जगणे सुसह्य होते, असे तो म्हणे. आणि प्रत्यक्षात तो ८४ वर्षे जगला. (हे वाक्य खरोखर खचलेल्या माणसासमोर ठेवू नये, त्याने जवळच्या कोणाशी किंवा डॉक्टरांशी बोलावे.) पॅरिसमध्ये तो अतिशय साधेपणाने राहिला आणि सुरुवातीचा एक पुरस्कार वगळता पुढचे त्याने नाकारले. शिवाय त्याच्या लेखनात विनोद आहे, जो एका बैठकीत सगळे वाचणाऱ्याला दिसतच नाही. जन्माच्या पीडेवरचे १९७३चे पुस्तक घ्या, दोन-तीन पाने वाचा आणि ठेवून द्या. सलग वाचले तर दुःखाची निव्वळ पुनरुक्ती वाटते आणि तुम्हाला वाटली तशी अस्वस्थताच शिल्लक राहते.