प्रतिसाद: जुन्या गाड्यांचा क्लब, श्रीमंतांचा शौक?

वर एका दादांनी लिहिलंय की जुन्या गाड्यांचे क्लब म्हणजे पैसेवाल्यांची मिरवामिरवी. मुंबईतल्या रोल्स रॉयसबद्दल असेलही. आमच्या संभाजीनगरच्या गटात मात्र दोन प्रीमियर पद्मिनी, एक अँबेसेडर, दोन जीप आणि एक लॅम्ब्रेटा स्कूटर. बस्स! महिन्यातल्या एका रविवारी पहाटे निघायचं, वेरूळला भजी-चहा, ऊन चढायच्या आत घरी.

'ऊन चढायच्या आत' हे महत्त्वाचं. मागच्या एप्रिलमध्ये उशीर झाला आणि दौलताबादच्या चढाला माझी पद्मिनी बसली. गाडीतल्या इंधनपंपातच पेट्रोल उकळून वाफ धरली की ते पुढे इंजिनात जातच नाही. त्या इंधनपंपावर ओलं फडकं टाकून अर्धा तास लिंबाखाली बसलो. कुणी पुढे गेलं नाही, सगळे थांबले. तेव्हापासून डिकीत पाण्याचा कॅन आणि फडकं कायम. (बायको म्हणते, सासऱ्यांची एवढी सेवा केली असती तर!)

आणखी एक. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा लवकर खराब होतो, ते आधी बदलून घ्या.

जुन्या गाडीच्या कागदांचं, 'व्हिंटेज' नोंदणीचं कुणी विचारलंय म्हणून: 2021च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, मुळात फार फेरफार न केलेली गाडीच 'व्हिंटेज'. तशी नोंदणी केली की नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, पण मग ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. म्हणून आमच्यातल्या बहुतेकांनी तो नाद केलेला नाही. आम्हाला भाजीही त्याच गाडीतून आणायची असते.