मदत हवी आहे: पायोग्लिटाझोन बंद केलं, आता पुढे?

नमस्कार मंडळी. भांडुपला माझा छोटा दवाखाना आहे, जनरल प्रॅक्टिस.

एक काका, वय 67, निवृत्त कंडक्टर. मधुमेहाला मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि पायोग्लिटाझोन 15 सहा वर्षं चालू. बीपीला अॅम्लोडिपीन 5. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 7.1, त्यामुळे मीही निवांत होतो. परवा सूनबाई मोबाइल पुढे करून म्हणाल्या, "डॉक्टर, या गोळीने मूत्राशयाचा कॅन्सर होतो म्हणे. तुम्ही कधी बोलला नाहीत."

खरंच बोललो नव्हतो. 2013 च्या जूनमध्ये आपल्याकडे पायोग्लिटाझोनची विक्री थांबवली आणि जुलैअखेर इशारा छापायच्या अटीवर परत सुरू केली, हे मला तोंडपाठ. पेशंटला सांगायचं मात्र राहिलं. लघवीतून रक्त कधी गेलं नाही, युरीन रुटीन साफ आहे. विडी वीस वर्षं ओढली, त्या कॅन्सरला ती गोळीपेक्षा मोठं कारण.

हे समजावत असताना काकांनी पाय खाजवायला मोजा खाली केला. इलॅस्टिकचा खोल वळ. नडगीवर बोट दाबलं, खळगा तसाच राहिला. चार महिन्यांत वजन 3 किलो वाढलंय. "स्टेशनचा पूल चढताना मध्ये एकदा थांबतो, वय झालं," म्हणाले. सूनबाई कॅन्सरला घाबरल्या होत्या, माझ्या पोटात गोळा आला तो हार्ट फेल्युअरच्या (हृदय कमी पडण्याच्या) शंकेने, कारण पायोग्लिटाझोनने अंगात पाणी साठतं.

पायो त्याच दिवशी बंद केलं. पण सूज अॅम्लोडिपीननेही येते, तेही थांबवू का? टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) सांगितलाय, काका म्हणतात पेन्शन आल्यावर करू. आणि पेशंटला नेमकं किती सांगता तुम्ही? मागे एका मावशींना कोलेस्टेरॉलच्या गोळीने, स्टॅटिनने, स्नायू दुखू शकतात एवढंच म्हणालो, त्यांनी पाकीट उघडलंच नाही.

प्रतिसाद 1:
डॉक्टर, नुसत्या अॅम्लोडिपीनच्या सुजेत दम लागत नाही. दोन्ही एकदम काढलंत तर कशाने उतरली ते कळणार नाही. एको पेन्शनपर्यंत थांबवू नका, ईसीजी आजच काढा. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) ठीक असेल तर पायोऐवजी डापाग्लिफ्लोझिनचा विचार करा, जेनेरिक आता परवडतं. मात्र त्याने होऊ शकणाऱ्या जांघेतल्या बुरशीबद्दल आधी सांगा, नाहीतर काका लाजून गप्प बसतील. मी पेशंटला सगळी यादी वाचत नाही. काय दिसलं तर त्याच दिवशी यायचं, एवढंच चिठ्ठीच्या मागे मराठीत लिहून देतो. आणि एडीआरचा (औषधाच्या दुष्परिणामाचा) फॉर्म भरा, 1800-180-3024 वरही कळवता येतं.

धागाकर्ता:
आभार सर. ईसीजी काढला, फोटो खाली टाकतो. एकोचे पैसे सूनबाई भरतायत, उद्या सकाळचीच वेळ मिळाली.