आफ्रिकान्स आणि माओरी : भाषा कुणाच्या जोरावर जगते?

सांजवारा
गेले काही महिने या दोन भाषांबद्दल वाचतेय. एक मत पक्कं झालंय, ते मांडते. खोडता आलं तर जरूर खोडा.

दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकान्सच्या पाठीशी राज्य होतं. १९२५ मध्ये ती राजभाषा झाली आणि १९४८ ला वर्णभेदी सरकार आल्यावर शाळा, कचेऱ्या, पोलीस सगळे तिच्याच बाजूला. १९७४ मध्ये हुकूम निघाला की काळ्या मुलांनी गणित आणि समाजशास्त्र आफ्रिकान्समधून शिकायचं. १६ जून १९७६ ला सोवेटोत, जोहान्सबर्गजवळच्या काळ्यांच्या वस्तीत, शाळेतली पोरं रस्त्यावर उतरली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यात मारला गेलेला हेक्टर पीटरसन १२ वर्षांचा होता. त्या दिवसापासून लाखो लोकांच्या कानात ती भाषा बंदुकीसारखी वाजते.

न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या माओरीच्या पाठीशी काहीच नव्हतं. १८६७ च्या कायद्याने शाळेत इंग्रजी आली, माओरी बोलणाऱ्या पोरांना मार बसायचा. १९७२ मध्ये ३०,००० हून अधिक सह्यांचा अर्ज संसदेत गेला आणि १९८२ मध्ये म्हाताऱ्यांनी नातवंडं गोळा करून ‘कोहांगा रेओ’ सुरू केलं. त्याचा अर्थ भाषेचं घरटं. सक्तीने भाषा मरते, मायेने जगते, असं मी म्हणते.

खडूफळा
ताई, तळमळ पोचली, पण ‘मरते’ हा शब्द मागे घ्या. २०२२ च्या जनगणनेत दक्षिण आफ्रिकेत १०.६ टक्के लोकांच्या घरात आफ्रिकान्स बोलली जाते. झुलू आणि खोसा यांच्यानंतर तिसरा नंबर. वर्तमानपत्रं आहेत, कादंबऱ्या खपतात. न्यूझीलंडमध्ये २०२३ ला माओरी येणारे ४.३ टक्के, सुमारे २ लाख १४ हजार. मग मेली कोणती आणि जगली कोणती?

शिवाय घरट्यांचं श्रेय एकट्या आज्यांना देऊ नका. १९८६ मध्ये माओरींच्या तक्रारी ऐकणाऱ्या वैतांगी न्यायाधिकरणाने सांगितलं की ब्रिटिश आणि माओरी यांच्यातल्या १८४० च्या वैतांगी करारानुसार ही भाषा जपणं सरकारचं कर्तव्य आहे. १९८७ मध्ये कायदा होऊन ती राजभाषा झाली, २००४ मध्ये माओरी टीव्ही आला. पाळणा आजीने हलवला, पण दोरी तिजोरीतून आली. मी पंचवीस वर्षं शिकवतोय. सरकारी पाठबळ गेलं की वर्ग कसे ओस पडतात ते डोळ्यांनी पाहिलंय.

दर्यावर्दी
दोघांचंही एक चुकतंय. आफ्रिकान्स म्हणजे गोऱ्यांची भाषा, हे तुम्ही धरूनच चाललात. आज ती घरी बोलणाऱ्यांत निम्म्याहून अधिक लोक गोरे नाहीत.

१६५२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने केपला, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी, ठाणं वसवलं. तिथे जावा, मादागास्कर, बंगाल, मलबारहून गुलाम आणले. त्यांच्या आणि स्थानिक खोइखोइंच्या तोंडी डच भाषा मोडली, घासली, नवी झाली. क्रियापदं सुटसुटीत झाली, लिंगभेद गळाला. ‘पुष्कळ’ला त्या भाषेत म्हणतात ‘बाये’. तो शब्द मलायी ‘बन्याक’चा. केळ्याला ‘पिसांग’, तोही मलायी. मालक लोक तिला स्वयंपाकघरातली भाषा म्हणून हिणवायचे.

आणि ती सुरुवातीला लिहिली कुठे गेली? केपच्या मदरशांत, अरबी लिपीत! केपला आलेले उस्मानी धर्मपंडित अबू बक्र एफेंदी यांचं धर्मावरचं पुस्तक १८७७ मध्ये इस्तंबूलला छापलं गेलं, भाषा आफ्रिकान्स, अक्षरं अरबी. केपजवळच्या पार्ल गावात गोऱ्यांची संस्था १८७५ ला निघाली आणि तिने ही भाषा आपली एकट्याची असल्याचं सांगायला सुरुवात केली. सोवेटोचा राग रास्तच आहे, पण त्या रागात गुलामांच्या वंशजांची मायबोली भरडली जाते, त्याचं मला फार वाईट वाटतं.

दक्षिणतारा
ऑकलंडहून लिहितेय. आमच्या शेजारच्या आजी सत्तरीच्या पुढच्या. लहानपणी शाळेत माओरी बोलल्या म्हणून पट्टीचा मार खाल्ला, म्हणून स्वतःच्या मुलांशी ती भाषा कधी बोलल्याच नाहीत. आता नातू कोहांगात जातो. आजींनी घरभर चिठ्ठ्या चिकटवल्यात : टेबलावर ‘तेपु’, पुस्तकांच्या फळीवर ‘पुकापुका’. नातू वाचत नाही अजून. चिठ्ठ्या आजींसाठीच आहेत, विसरलेले शब्द परत बसावेत म्हणून.

एक गोष्ट त्यांनीच शिकवली. ‘तातौ’ म्हणजे आपण सगळे, ‘मातौ’ म्हणजे आम्ही, तुम्ही सोडून. मी म्हटलं, हे तर आमच्या मराठीत आहे, आपण आणि आम्ही! इंग्रजीत हे सांगायला आख्खं वाक्य लागतं. त्यांच्याकडे फक्त दोघांसाठी वेगळा शब्द, ‘ताउआ’, तोही आहे. हे सगळं एका पिढीत पुसलं जात होतं. म्हणून टक्केवारी मांडून दोन भाषा एका तराजूत घालू नका, खडूफळा सर. एकीच्या मुळाशी डच आहे, ती नेदरलँड्समध्ये सुखरूप आहे. माओरी त्या बेटांवरून गेली तर तिला दुसरं घर नाही.

खडूफळा
चिठ्ठ्यांचं वाचून गलबललो. तरी शिक्षक म्हणून विचारतो : तो नातू अंगणात दुसऱ्या पोरांशी कोणत्या भाषेत खेळतो? घरट्यातलं पिल्लू उडाल्यावर कोणत्या भाषेत बोलतं, यावर सगळं ठरतं.

सांजवारा
दर्यावर्दी, मदरशांचं मला ठाऊक नव्हतं. ‘मरते’ मागे घेते, सर. पण सक्तीबद्दलचं मत सोडत नाही. केपच्या स्वयंपाकघरात आफ्रिकान्स जन्मली तेव्हा ती शिका असं कुणी बजावलं नव्हतं. हुकूम निघाला आणि लोक दुरावले. सरकारचा पैसा हवाच, पण तो मागणाऱ्याला मिळावा. वैतांगीत मागणी माओरींची होती, सोवेटोत पोरांना विचारलंच नाही.

दक्षिणतारा
सर, खरं सांगते : अंगणात इंग्रजीच. सायकल, बॉल, भांडणं, सगळं इंग्रजी. पण परवा गुडघा फोडून घेतला तेव्हा कुंपणापाशी उभा राहून हाक मारली, ‘ए कुई!’ म्हणजे ए आजी. आजी हातातलं काम टाकून धावल्या.