तांबडा समुद्र, मान्ना, यार्देन: बायबलमधल्या चमत्कारांची नैसर्गिक कारणं कुठवर टिकतात?

पर्वरीचा_वाचक

नमस्कार मंडळी. आमच्या अभ्यासमंडळात बायबलमधल्या चमत्कारांवर तासभर बोलायचं आहे. समोर हिंदू असतील, कॅथलिक असतील, काही निवृत्त विज्ञानशिक्षकही. गोव्यातल्या मराठीला या कथा नव्या नाहीत, फादर स्टीफन्सनी 1616 मध्येच त्या ओव्यांत छापल्या. नेटवर मात्र ‘वाऱ्याने समुद्र दुभंगला’, ‘मान्ना (वाळवंटात इस्राएलींना आकाशातून मिळालेलं अन्न) म्हणजे किड्यांची साखर’, ‘येशू बर्फावरून चालला’ असं सरसकट सापडतं आणि जो तो तेच पुढे ढकलतो. यातलं खरोखर तपासलेलं किती, आणि घोडं कुठे अडतं? आकड्यांसकट सांगितलंत तर उपकार होतील. कुणाची श्रद्धा दुखवायची नाही, पण विज्ञानाच्या नावाखाली काहीही खपवायचंही नाही.

खारेवारे

समुद्रापासून सुरुवात करा, तिथे गणित मांडता येतं. इस्राएली लोक मोशेच्या मागे ईजिप्तमधून निसटताना समुद्र दुभंगला, त्या कथेत, म्हणजे बायबलच्या निर्गम पुस्तकातच (14:21), कारण दिलंय: रात्रभर सुटलेला जोराचा पूर्वेचा वारा. उथळ पाण्यावर वारा तासन्‌तास एकाच दिशेने वाहिला की पाणी पलीकडच्या काठाला चढतं आणि वारा येतो त्या बाजूचा तळ उघडा पडतो. 1882 मध्ये ईजिप्तच्या मंझाला सरोवरावर टलॉक नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने हे डोळ्यांनी पाहून लिहून ठेवलंय.

पाण्याला किती उतार येईल हे वाऱ्याच्या वेगाच्या वर्गावर आणि खोलीवर ठरतं. वारा ताशी 100 किमी आणि खोली 2 मीटर धरली तर दर किलोमीटरला साधारण 12 सेंटिमीटर उतार, म्हणजे 10 किमीच्या सरोवरात सव्वा मीटरच्या आसपास. तोच वारा 20 मीटर खोल पाण्यावर घातला की किलोमीटरमागे जेमतेम सेंटिमीटरभर. वेग निम्मा केला तर परिणाम एक चतुर्थांशावर येतो. म्हणून खोल तांबडा समुद्र या हिशेबात बसत नाही, उथळ खारं सरोवर बसतं.

2010 मध्ये कार्ल ड्रूज आणि वेइचिंग हान यांनी नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या पूर्वेकडचं जुनं सरोवर संगणकावर मांडलं. सेकंदाला 28 मीटर वेगाचा पूर्वेचा वारा 12 तास दिल्यावर, नदीचा फाटा सरोवराला मिळतो तिथे 3 ते 4 किमी लांब आणि 5 किमी रुंद चिखलाची वाट उघडी पडली आणि 4 तास तशी राहिली. पाणी एकीकडे सरोवरात, दुसरीकडे नदीत सरकलं. ग्रंथातल्या ‘उजव्या-डाव्या हाताला पाण्याची भिंत’ याच्याशी हे बऱ्यापैकी जुळतं. त्याआधी 1992 मध्ये डोरॉन नॉफ आणि नेथन पॅल्डर यांनी सुएझच्या आखाताचा हिशेब केला होता: सेकंदाला 20 मीटर वारा, 10 ते 14 तास, पाणी सुमारे अडीच मीटर खाली. पण ते आखात वायव्य-आग्नेय पसरलंय, त्यामुळे तिथे वायव्येचा वारा लागतो आणि ग्रंथात पूर्वेचा आहे. हे दोन अभ्यास एकात मिसळू नका, लोक हमखास मिसळतात.

अडचण सांगायलाच हवी. ताशी 100 किमी म्हणजे आपल्या हवामान खात्याच्या भाषेत तीव्र चक्रीवादळ (89 ते 117 किमी). त्या वाऱ्याला छाती देत, रात्री, पोरंबाळं आणि गुरंढोरं घेऊन चिखल तुडवायचा. तळ उघडा पडतो एवढंच गणित सांगतं. माणसं त्यावरून चालली हे ते सांगत नाही. शिवाय त्या काळच्या सरोवराचा तळ अंदाजाने बांधलेला आहे, तो बदलला की निकालही बदलतो.

पर्वरीचा_वाचक

देव बरे करो. इस्राएलींना सोडावं म्हणून देवाने मिसरवर (ईजिप्तवर) आणलेल्या दहा पीडा आणि मान्ना यांचं काय?

बागायतदार_सत्तरी

पीडांची साखळी ग्रेटा हॉर्ट यांनी 1957-58 मध्ये नीट जोडली. इथिओपियाच्या डोंगरातली लाल माती आणि सूक्ष्मजीव मोठ्या पुरात नाईलमध्ये उतरले, मासे मेले, बेडूक काठ सोडून घरांत शिरले, मग माश्या आणि रोगराई. लोक नदीकाठी खड्डे खणून पाणी काढत होते (निर्गम 7:24), हा बारकावा फार बोलका आहे, कारण वाळूतून पाणी गाळून येतं. गारांच्या वेळी सातू निसवलेला होता आणि गहू वर आला नव्हता (9:31-32), तो हंगामही ईजिप्तच्या शेतीशी जुळतो. टोळ पूर्वेच्या वाऱ्याने येतात, पश्चिमेच्या वाऱ्याने जातात. तीन दिवसांचा काळोख म्हणजे वसंतातलं खमसीन हे धुळीचं वादळ असू शकतं.

पण लाकडाच्या आणि दगडाच्या भांड्यांतलं पाणीही लाल झालं (7:19), ते पुराने होत नाही. दहाव्या पीडेत, म्हणजे घरोघरी थोरली मुलं मेली तिथे, तर सगळंच थांबतं. पहिल्या मुलाला धान्य आधी मिळायचं आणि त्या धान्याला विषारी बुरशी होती, असं मांडलं गेलंय. मग तुरुंगातल्या कैद्याचा थोरला आणि गुरांचे पहिले गोऱ्हे (12:29) का मेले? रोग जन्माचा क्रम पाहून माणूस निवडत नाही.

मान्नाचं निरीक्षण मला सगळ्यात पक्कं वाटतं. 1927 मध्ये बोडेनहायमर आणि थिओडोर यांनी सिनाईत जाऊन पाहिलं: झाऊच्या झाडावरचे पिठ्या ढेकूण रस शोषतात आणि जास्तीची साखर थेंबाथेंबाने बाहेर टाकतात. आंब्यावर तुडतुडे पडले की पानं चिकट होतात ना, त्यातलाच प्रकार. तिथे कोरड्या हवेत थेंब गोठून पांढरट दाणे होतात. ते पहाटेच वेचावे लागतात, ऊन तापलं की मुंग्या नेतात.

आता माप लावा. माणशी एक ओमर, म्हणजे अंदाजे 2 लिटर (16:16). पुरुष सहा लाख (12:37), फक्त तेवढेच धरले तरी दिवसाला 12 लाख लिटर, तेही चाळीस वर्षं. सिनाईत चांगल्या पावसाच्या वर्षीही मिळतो काही शे किलो, आणि तोही उन्हाळ्यातल्या काही आठवड्यांतच. शिवाय उरलेल्या मान्नात किडे पडले (16:20), पण झाऊचा मान्ना जवळपास निव्वळ साखर, तो तसा नासत नाही. तेव्हा कथेमागचा पदार्थ ओळखता येतो, पण त्याने एवढी माणसं जगली हे काही त्यातून निघत नाही.

दिवाडची_लेक

येशू पाण्यावर नव्हे, बर्फावर चालला हा मुद्दा व्याख्यानात घेतलात तर त्याची मर्यादा जरूर सांगा. 2006 मध्ये नॉफ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गालील सरोवराच्या पश्चिम काठाजवळ खारट झरे आहेत आणि जुन्या थंड काळात कधीतरी त्या भागावर बर्फाचा तुकडा धरू शकला असता. भौतिकशास्त्र ठीक आहे. पण ही घटना पाच हजारांना जेवू घातलं त्याच रात्रीची. मार्क 6:39 मध्ये हिरवं गवत आहे, योहान 6:4 मध्ये वल्हांडण हा यहुदी सण जवळ आलेला आहे, म्हणजे वसंत ऋतू. तारू लाटांनी हेलकावतंय आणि येशूचा शिष्य पेत्र बुडू लागतो (मत्तय 14). यात बर्फाला जागा कुठे आहे?

येशूला वधस्तंभावर दिलं त्या वेळच्या तीन तासांच्या काळोखाला सूर्यग्रहण म्हणणारेही भेटतील. वल्हांडण पौर्णिमेला येतो, सूर्यग्रहण अमावास्येलाच होतं, आणि खग्रास अवस्था साडेसात मिनिटांच्या वर टिकत नाही. हा आक्षेप तिसऱ्या शतकात ज्युलियस आफ्रिकानस या ख्रिस्ती लेखकानेच घेतला होता. श्रोत्यांतल्या भाविकांना हे अवश्य सांगा. तपासणी ही काही फक्त नास्तिकांची मक्तेदारी नव्हे.

आणि वारा हे कारण सापडलं म्हणजे चमत्कार निकालात निघाला, असं मुळात ग्रंथच मानत नाही. देवाने वारा आणला असं तो सांगतो. मोशेने हात उगारला तेव्हाच वारा का सुटला, हा प्रश्न हवामानशास्त्राच्या हातात येत नाही. मेलेल्या लाजरसाचं उठणं, भाकरींचं वाढणं यांना तर असा धागाच नाही, तिथे ओढूनताणून कारण शोधू नये.

खारेवारे

यार्देन नदी राहिली. इस्राएली ती ओलांडत होते तेव्हा, बायबलमधलं यहोशवा 3:16 म्हणतं, पाणी वर आदाम गावापाशी अडलं. ती जागा म्हणजे आजचं दामिया, यरीहोच्या उत्तरेला. तिथले काठ ठिसूळ मातीचे आहेत. 1267 मध्ये काठाचा मोठा भाग ढासळून नदी काही तास अडली, आणि खालचं पात्र कोरडं पडल्याचा फायदा घेऊन कारागिरांनी पुलाचे पाये दुरुस्त केले, असं अरबी बखरकार नुवैरीने लिहिलंय. जागा तीच, प्रकार तोच. मात्र यहोशवाच्या वेळी नदी सुगीच्या पुरात होती (3:15), आणि भरल्या नदीत असा बांध तग धरणं कठीण. तो फुटला की खाली पात्रात असलेल्यांची धडगत नसते.

11 जुलै 1927 च्या भूकंपातही यार्देन 21 तास अडल्याचं पुस्तकांत वाचाल. त्यावर अभ्यासकांत वाद आहे. तो दाखला सोडा, 1267 चा पुरेसा आहे.