टेक्सासमधील 'कॅम्पस कॅरी', सामायिक टीए-खोली आणि एफ-१ व्हिसा : मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार मंडळी,

मी टेक्सासमधील एका सरकारी विद्यापीठात संख्याशास्त्रात पीएच.डी. करते आणि त्याच विभागात टीए (शिक्षण-सहाय्यक) म्हणून पदवीच्या मुलांचे तास व ऑफिस अवर्स (शंका विचारायला येण्याची ठरलेली वेळ) घेते. व्हिसा एफ-१, म्हणजे विद्यार्थ्यांचा आहे. येथील 'कॅम्पस कॅरी' (विद्यापीठाच्या आवारात पिस्तूल बाळगू देणाऱ्या) कायद्यामुळे माझ्यापुढे दोन अडचणी एकदमच उभ्या राहिल्या आहेत, एक कामाच्या ठिकाणची आणि एक घरातली. अमेरिकेत शिकलेल्या किंवा शिकवणाऱ्या मराठी मंडळींचा अनुभव समजला तर निर्णय घेणे सोपे जाईल. बंदुका असाव्यात की नसाव्यात यावर येथे कौल घ्यावा असा हेतू नाही, पण पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

टेक्सासच्या विधिमंडळाने २०१५ मध्ये एस. बी. ११ हा कायदा संमत केला आणि १ ऑगस्ट २०१६ पासून चार वर्षांच्या सरकारी विद्यापीठांत, तर त्यानंतर वर्षभराने कम्युनिटी कॉलेजांत, परवानाधारकाला कपड्यांआड हँडगन बाळगून वर्गात बसण्याची मुभा मिळाली. (१९६६ मध्ये ऑस्टिनच्या विद्यापीठातील टॉवरवरून गोळीबार झाला तो दिवसही १ ऑगस्टच. त्याला बरोबर पन्नास वर्षे पूर्ण होत असताना कायदा लागू व्हावा, हे त्या वेळी अनेकांना खटकले होते.) खाजगी विद्यापीठांना नकाराचा पर्याय होता आणि राइस, बेलर, एसएमयू, टीसीयू यांच्यासह बहुतेकांनी तो वापरला. सरकारी विद्यापीठाच्या अध्यक्षांना मात्र वाजवी नियम करून काही जागा वगळता येतात, सरसकट बंदी घालता येत नाही. २०२१ पासून राज्यात परवान्याविनाही हँडगन बाळगता येते, परंतु कॅम्पसवर परवाना अजूनही लागतो आणि शस्त्र दिसता कामा नये. परवान्याची किमान वयोमर्यादा पूर्वी साधारणपणे २१ वर्षे होती. २०२२ मध्ये फेडरल न्यायालयाने दिलेल्या निकालानंतर १८ ते २० वयाच्या मुलांनाही तो मिळू लागला. म्हणजे माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाकडेही तो असू शकतो.

आता कामाच्या ठिकाणची अडचण. मागील सत्रात मध्यावधी परीक्षेचे गुण जाहीर झाल्यावर एक विद्यार्थी गुणांबद्दल वाद घालण्यासाठी आमच्या खोलीत आला. उत्तरपत्रिकेतील एका ओळीवर बोट ठेवण्यासाठी तो टेबलावर ओणवा झाला, तेव्हा त्याचा शर्ट वर सरकला आणि कमरपट्ट्याला अडकवलेल्या होल्स्टरची काळी क्लिप व पिस्तुलाची मूठ मला दिसली. त्याने धमकी दिली नाही, आवाजही फारसा चढवला नाही. शर्ट खाली ओढला आणि बोलणे पुढे चालू ठेवले. मुद्दाम दाखवणे आणि नकळत दिसणे यांत कायदा फरक करतो, त्यामुळे त्याच्याकडून गुन्हा घडला असे मी म्हणणार नाही. त्या उत्तराचे गुण मी वाढवले नाहीत, प्रकरण प्राध्यापकांकडे पाठवले. मात्र त्या दिवसापासून गुणांची चर्चा करताना माझी नजर आधी समोरच्याच्या कमरेकडे जाते, आणि शिकवणाऱ्या माणसाने असे शिकवू नये असे मला मनापासून वाटते.

यावर उपाय शोधताना मला नियमातील एक गोष्ट समजली. आमच्याकडे, ऑस्टिनप्रमाणेच, ज्याला स्वतंत्र कार्यालय आहे तो 'माझ्या खोलीत शस्त्र आणू नये' अशी तोंडी सूचना देऊ शकतो. त्याऐवजी परवानाधारकाला भेटण्यासाठी दुसऱ्या सोयीच्या जागेची व्यवस्था त्याने करायची. ही सवलत केवळ एकट्याच्या ताब्यातील खोलीसाठी आहे. प्राध्यापकांना तशी खोली असते. आमच्या खोलीत चार टेबले, एक फळा आणि सहा टीए आहेत, त्यामुळे आम्हाला ती सवलत नाही. गुणांवरून होणारे वाद प्राध्यापकांच्या दारात क्वचित पोहोचतात. ते सगळे आमच्याच टेबलावर होतात. आणि आमच्या खोलीतील सहापैकी पाच जण परदेशी विद्यार्थी आहेत.

येथेच मला या सगळ्या वादाचा एक कोपरा रिकामा दिसतो. कॅम्पसवर शस्त्र असावे म्हणणाऱ्यांचे मुद्दे मी गांभीर्याने वाचले आहेत. एप्रिल २००७ मध्ये व्हर्जिनिया टेकमध्ये ३२ जणांची हत्या झाली, त्यांत मूळचे तमिळनाडूचे एक प्राध्यापक आणि मुंबईहून वास्तुशास्त्र शिकायला आलेली एक विद्यार्थिनी होती. तेथे विद्यापीठाच्या नियमाने शस्त्रबंदीच होती, आणि त्या घटनेनंतरच विद्यार्थ्यांची शस्त्रसमर्थक संघटना उभी राहिली. जून २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील यूसीएलएमध्ये एका माजी पीएच.डी. विद्यार्थ्याने प्राध्यापक विल्यम क्लुग यांना त्यांच्या कार्यालयात गोळ्या घातल्या. तेथेही बंदीचा उपयोग झाला नाही. दुसऱ्या बाजूला, ऑक्टोबर २०१५ मध्ये ओरेगनच्या अम्पक्वा कम्युनिटी कॉलेजात नऊ जण मारले गेले तेव्हा परवान्याचे शस्त्र जवळ असलेला एक माजी सैनिक कॅम्पसवरच होता, पण पोलीस आपल्यालाच हल्लेखोर समजतील म्हणून तो पुढे गेला नाही. मला त्याचा निर्णय शहाणपणाचा वाटतो. २०१४ मध्ये आयडाहोत असा कायदा आल्यानंतर काही महिन्यांतच तेथील एका प्राध्यापकाच्या खिशातील पिस्तूल भर वर्गात उडाले आणि गोळी त्यांच्याच पायात शिरली.

दोन्ही बाजूंचे म्हणणे 'ज्याला हवे तो शस्त्र बाळगेल, ज्याला नको तो बाळगणार नाही' असे गृहीत धरून चालते. आम्हाला तो पर्यायच नाही. फेडरल कायद्यानुसार एफ-१, जे-१, एच-१बी अशा नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या वास्तव्याच्या) व्हिसावर आलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे. अपवाद मोजके आहेत आणि त्यांतला एक वैध शिकार-परवान्याचा आहे. स्वसंरक्षणाचा हक्क म्हणून जी मुभा दिली गेली, ती आमच्यासमोर बसणाऱ्याला आहे, आम्हाला नाही. मला पिस्तूल हवे आहे असा याचा अर्थ कृपया काढू नये.

घरातील अडचण याच कलमातून आली आहे. माझी रूममेट अमेरिकन नागरिक आहे आणि स्वभावाने अतिशय चांगली आहे. प्रयोगशाळेतून रात्री उशिरा परतताना पार्किंगमध्ये तिला लुटण्याचा प्रयत्न झाला, त्यानंतर तिने रीतसर परवाना काढून पिस्तूल घेतले. तिची भीती खोटी आहे असे मी कशी म्हणू? पण ते पिस्तूल कधी बैठकीच्या खोलीतील खणात असते, आणि परवा स्वयंपाकघरातील कपाट उघडले तर माझ्या तांदळाच्या डब्याला खेटून गोळ्यांचा खोका ठेवलेला होता. आमच्याकडे निवडणुका जाहीर झाल्या की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात, अशा मुलखातून आलेल्या मला यावर काय बोलावे ते सुचले नाही. तिने मला शूटिंग रेंजवर नेण्याचे आणि 'ऑनलाइन शिकार-परवाना काढ, म्हणजे प्रश्न मिटला' असेही सुचवले आहे.

जाणकारांनी कृपया सांगावे: सामायिक खोलीत ऑफिस अवर्स घेणाऱ्या टीए मंडळींनी काय व्यवस्था केली? रूममेटशी कोणत्या अटी ठरवाव्यात? आणि आमच्या पदवीधर विद्यार्थी मंडळाने सामायिक खोल्यांबाबत निवेदन मागवले आहे, ते कोणत्या अंगाने लिहावे? आई-बाबांना यातले काहीही सांगितलेले नाही, त्यामुळे माझी ओळख पटेल असे तपशील प्रतिसादांत टाळावेत ही विनंती.

प्रतिसाद १ (ह्यूस्टन)

ताई, मी स्वतः परवानाधारक आहे आणि कायद्याच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगतो. परवाना काढताना चार ते सहा तासांचा वर्ग, लेखी परीक्षा, नेमबाजीची चाचणी आणि पार्श्वभूमीची तपासणी होते, आणि परवानाधारकांच्या हातून गुन्हे घडण्याचे प्रमाण राज्याच्या आकडेवारीत अत्यल्प आहे. कायदा आला तेव्हा वर्गावर्गांत गोळीबार होईल अशी जी भाकिते झाली ती खरी ठरली नाहीत. तुमच्याकडे आलेल्या मुलाने शर्ट खाली ओढला, यावरून त्याला नियम ठाऊक होते असेच दिसते.

तुमच्या रूममेटचे वागणे मात्र बेजबाबदारपणाचे आहे. पिस्तूल एक तर अंगावर असावे, नाही तर कुलूपबंद पेटीत. खणात पडलेले पिस्तूल चोराच्या उपयोगाचे असते. हे तिला माझ्यासारख्या माणसाचे मत म्हणून सांगितले तरी चालेल.

प्रतिसाद २ (ऑस्टिन, माजी टीए)

कायदा लागू झाला त्या शरद सत्रात मी शिकवत होतो. आमच्या खोलीने पुढील व्यवस्था केली होती. गुणांची तक्रार तोंडी घ्यायचीच नाही. उत्तरपत्रिका परत मिळाल्यावर एक दिवस थांबून, कोणत्या पायरीवर आक्षेप आहे ते विद्यार्थ्याने लेखी कळवायचे आणि फेरतपासणी प्राध्यापकांच्या नावाने व्हायची. हे अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर छापले की कोणाला वैयक्तिक वाटत नाही. ऑफिस अवर्स आम्ही ग्रंथालयातील काचेच्या खोलीत, दोन टीए मिळून घेत असू. शस्त्र तेथेही येऊ शकते, पण बंद दाराआड एकास एक बसण्यातला ताण जातो. परवाना आहे का, असे विद्यार्थ्याला विचारू नका. ते काम पोलिसांचे. वागण्याची काळजी वाटली तर, शस्त्राचा उल्लेख असो वा नसो, विद्यापीठाच्या वर्तनविषयक पथकाकडे नोंद करा.

निवेदनाबद्दल माझे मत जरा कडू आहे. ऑस्टिनच्या तीन प्राध्यापिकांनी 'शस्त्राच्या भीतीने वर्गातील मोकळी चर्चा दबते' या मुद्द्यावर दावा लावला होता. जिल्हा न्यायालयाने तो २०१७ मध्ये फेटाळला आणि २०१८ मध्ये फिफ्थ सर्किट या फेडरल अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला, कारण परवानाधारक पुढे काय करतील यावर आधारलेली भीती न्यायालयाला पुरेशी वाटली नाही. त्याआधी वास्तुशास्त्र विभागाचे अधिष्ठाता विद्यापीठ सोडून गेले, नोबेलविजेते स्टीव्हन वाइनबर्ग यांनी आपल्या वर्गात शस्त्र येऊ देणार नाही असे जाहीरपणे सांगितले, विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष फेनव्हिस यांनी स्वतः नाराजी व्यक्त करत नियमांना मान्यता दिली. कायदा तसूभरही हलला नाही. म्हणून भीतीवर लिहू नका. सवलत स्वतंत्र खोलीवाल्याला आणि गुणांचे वाद सामायिक खोलीत, ही जी विसंगती तुम्ही वर मांडली आहे, तीच लिहा. कायदा बदलायला सांगू नका, गुणांच्या भेटींसाठी एक खोली वगळलेल्या जागांच्या यादीत घालायला सांगा. कोणत्या जागा का वगळल्या याचा अहवाल प्रत्येक विद्यापीठाला दर सम वर्षी १ सप्टेंबरपर्यंत विधिमंडळाला द्यावा लागतो, त्यामुळे त्याआधीच्या वसंत सत्रात निवेदन पोहोचले तर कोणी तरी ते वाचते. वगळलेल्या खोलीबाहेर '३०.०६' क्रमांकाची (शस्त्र आणण्यास मनाई असल्याची) पाटी लागते, इंग्रजी व स्पॅनिश दोन्ही भाषांत, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत. त्या पाटीच्या खर्चाचा प्रश्नही आमच्या बैठकीत अर्धा तास चालला होता, तेव्हा तयारीने जा.

प्रतिसाद ३ (न्यू जर्सी)

मी वकील नाही, पण इमिग्रेशनच्या कागदपत्रांचे काम बरीच वर्षे करते. शिकार-परवान्याचा अपवाद कायद्यात खरोखर आहे. मात्र केवळ रूममेटच्या सांगण्यावरून, शिकारीला जायचे नसताना तो काढून त्यावर विसंबू नका. या कलमाखाली शिक्षा २०२२ पासून कमाल १५ वर्षांपर्यंत आहे, आणि शस्त्रविषयक गुन्ह्यात दोषी ठरल्यास देशाबाहेर काढले जाऊ शकते. रेंजवर भाड्याने घेतलेले पिस्तूल काही मिनिटे हातात धरणे हेही 'बाळगणे' ठरू शकते. फोटो काढून टाकणे तर नकोच.

घरातील मुद्दा अधिक निकडीचा आहे. वस्तू आपल्या मालकीची नसली, तरी ती कोठे आहे हे ठाऊक असणे आणि ती आपल्या ताब्यात येऊ शकणे, यांवरून बाळगल्याचा आरोप होऊ शकतो. गोळ्यांनाही हेच लागू. पिस्तूल आणि गोळ्या दोन्ही तिच्याच खोलीत, कुलूपबंद पेटीत, आणि पेटीचा क्रमांक तुम्हाला ठाऊक नसावा. हे तिला ई-मेलने कळवा आणि तिचे उत्तर जपून ठेवा. बहुतेक मोठ्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी विनामूल्य कायदेशीर सल्ला मिळतो. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयापेक्षा आधी तेथे जा.

धागाकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रूममेटशी बोलले. मलाही कायदा लागू होतो याची तिला कल्पनाच नव्हती. खोका तिने त्याच वेळी उचलला, पेटी मागवली आहे आणि ई-मेलला उत्तरही दिले आहे. रेंजचा विषय मी बंद केला. कायदेशीर सल्ल्यासाठी पुढच्या आठवड्यातील वेळ मिळाली आहे.

प्रतिसाद १ : आपण प्रामाणिकपणे लिहिलेत, याबद्दल विशेष आभार. त्या मुलाला नियम ठाऊक असावेत हे मला मान्य आहे. माझा आक्षेप त्याच्यावर नाही, आमच्या खोलीला निवड नाही यावर आहे.

प्रतिसाद २ : लेखी फेरतपासणीची पद्धत प्राध्यापकांनी पुढील सत्रापासून मान्य केली आहे. निवेदनात भीतीचा परिच्छेद होता, तो काढला आणि खोल्यांचा तक्ता घातला. कोणत्याही सरकारी विद्यापीठात सामायिक टीए-खोली किंवा गुणांच्या भेटींची खोली वगळलेल्या जागांत आली असेल, तर तेथील नियमाचा नेमका मजकूर मला व्यक्तिगत निरोपातून पाठवावा. मसुदा महिनाअखेरीस द्यायचा आहे.