पायरॅन्टेल आणि पिपराझिन एकत्र पाजू नका

मांडवीकाठ
काल इथे बोंडला यांनी कुत्र्याच्या पिलांना जंतांची औषधं देण्याबद्दल लिहिलं, "पायरॅन्टेल आणि पिपराझिन एकदम पाजा, जंत दुप्पट वेगाने पडतील." खाली 'छान माहिती'ची रांग लागली, म्हणून सविस्तर लिहितोय.

पायरॅन्टेल आणि त्याच्यासारखंच जंतांचं औषध लेव्हामिसोल जंताच्या स्नायूवरच्या निकोटिनिक रिसेप्टरला धरतात, म्हणजे स्नायूला आखडायला सांगणारं ॲसिटिलकोलीन जिथे बसतं त्या जागेला. वाट उघडी राहते, सोडियम आत शिरतं आणि स्नायू आखडून तसाच राहतो. पिपराझिन गाबाच्या, म्हणजे स्नायूला ढिलं करणाऱ्या रसायनाच्या, रिसेप्टरवर बसतं, क्लोराइड आत येतं, स्नायू ढिला पडतो. एस्कॅरिसचा (आतड्यातल्या मोठ्या गोल जंताचा) सेंटिमीटरभर तुकडा उभा चिरून कोमट क्षारद्रावणात दोऱ्याने टांगा. ॲसिटिलकोलीन टाकलं की ताणाची रेघ वर चढते, गाबा टाकला की खाली बसते. मग दोन्ही औषधं एकत्र पाजून मिळणार काय? एकाचं काम दुसरं पुसतं.

पिलांना पायरॅन्टेल एकटंच द्या: किलोला ५ मिग्रॅ, दोन आठवड्यांचं झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी. अळ्या आईच्या पोटातूनच आलेल्या असतात, यकृत-फुप्फुसातून फिरून आतड्यात उतरतात. हे औषध आतड्यातून फारसं शोषलं जात नाही, त्यामुळे वाटेवरच्या अळ्या सुटतात, म्हणून पुन्हा पुन्हा द्यायचं.

आबोली
एकत्र नको, हे बरोबर. पण पिपराझिनला मोडीत काढू नका. लहान मुलाच्या आतड्यात एस्कॅरिसचा गुंता अडकू लागला असेल, तर आखडलेले जंत गाठ आणखी आवळतील ही भीती असते. सैल पडलेले आतड्याच्या हालचालीने पुढे सरकतात. मात्रा किलोला ७५ मिग्रॅ, कमाल ३.५ ग्रॅम, दोन दिवस, तीही डॉक्टरांच्या नजरेखाली. फिट येत असतील तर अजिबात नाही.

बोंडला
रिसेप्टर पुस्तकात ठेवा. मेलेला जंत पडला नाही तर औषध वाया गेलं, एवढं लोकांना कळतं. १० फेब्रुवारीला शाळेत गोळी देतात, काय पडतं? आणि मे २०२१ मध्ये गोवा सरकारने कोविडसाठी १८ वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन हे जंतांचं औषध जाहीर केलं, १२ मिग्रॅ पाच दिवस, तेव्हा तुमच्यासारख्यांनीच नाकं मुरडली. प्रयोगशाळेत विषाणू थांबला होता की नाही?

मांडवीकाठ
शाळेतली गोळी अल्बेंडाझोलची. ती रिसेप्टरवर नाही, ट्युब्युलिन या जंताच्या पेशींचा सांगाडा बनवणाऱ्या प्रथिनावर काम करते. जंत उपाशी पडतो, त्याला दिवस लागतात. पायरॅन्टेलने पडलेला जंत तर जिवंतही असू शकतो. त्याची पकड सुटते, तेवढं पुरतं.

आयव्हरमेक्टिन ग्लुटामेटवर उघडणाऱ्या क्लोराइडच्या वाटांवर बसतं. जंताचा घसा आणि स्नायू त्याने लुळे पडतात. या वाटा आपल्यात नाहीत, म्हणून ते आपल्याला झेपतं. विषाणूला ना घसा, ना स्नायू. पेशींवरच्या त्या प्रयोगात ५ मायक्रोमोलर वापरलं होतं. रेणुभार ८७५ धरा, म्हणजे मिलिलिटरला ४३७५ नॅनोग्रॅम. १२ मिग्रॅ घेतल्यावर रक्तात मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅमच्या आसपासच. हा हिशोब २०२१ मध्येही करता येत होता, तरी अख्ख्या राज्याला गोळ्या सांगितल्या याचा मला आजही संताप आहे.

पेडणेकरीण
बाब, शेळ्यांबद्दल कोणी बोलणार का? मेंढीची मात्रा शेळीला देऊन "औषध लागू पडत नाही" म्हणतात. लेव्हामिसोल मेंढीला किलोला ७.५ मिग्रॅ, पण शेळी औषध लवकर निचरून टाकते, तिला १२ लागतं. अर्धवट मात्रेतून वाचलेले जंतच पुढची पैदास करतात.

आबोली
मांडवीकाठ, स्ट्राँगिलॉइडिस विसरलात. कोविडमध्ये स्टिरॉइड सर्रास दिली गेली. अंगात हा जंत दडलेला असेल तर स्टिरॉइडवर तो शरीरभर पसरतो आणि माणूस दगावतो. तिथे आयव्हरमेक्टिन आधी देण्यात अर्थ होता.

बोंडला
बघा! म्हणजे फायदा होताच.

मांडवीकाठ
आबोलींचा मुद्दा मान्य, माझ्याकडून राहिला. पण तो जंतावरचा फायदा आहे, कोविडवरचा नाही. त्यासाठी किलोला २०० मायक्रोग्रॅम, एक-दोन दिवस पुरतात. तुम्ही दोन गोष्टी एका पोत्यात भरू नका.

बोंडला
आवाज चढवू नका. पिलांचा सल्ला खोडतो, तेवढंच. आयव्हरमेक्टिनवर माझं मत तेच.

पेडणेकरीण
खोडताना हेही लिहा: शेळीला लेव्हामिसोल काट्यावर वजन केल्याशिवाय नाही. तिच्या स्वतःच्या स्नायूतही निकोटिनिक रिसेप्टर आहेत. मात्रा जास्त झाली की लाळ गळते, अंग थरथरतं, मग श्वास अडकतो. मात्रा १२च्या वर अंदाजाने नेऊ नका.